पावसाबरोबर येणारी नर्सबाई



रोवण्याचे दिवस आहेत. दिवसभर चिखलात वाकून तुमच्या कमरा दुखत असतील, चुलीवर भात चढवून आत्ता कुठे टेकल्या असाल. तुमचा थोडा वेळ घेते. आज मला एका बाईची गोष्ट सांगायची आहे. ती दर पावसाळ्यात आपल्याकडे येते आणि पावसाळा सरला की जाते. तिचं नाव आपल्याला क्वचितच आठवतं. आपण तिला नुसतं ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’ म्हणतो.

मीही अशीच एक नर्सबाई होते. मी ब्रह्मपुरी तालुक्यातली. एएनएमचा कोर्स झाला आणि हातात पहिली ऑर्डर पडली ती अकरा महिन्यांची. ‘बंधपत्रित’ असा शब्द तिच्यावर होता. पावसाळा लागला, तापाचे पेशंट वाढले, तसं मला वैनगंगेच्या पलीकडच्या एका दवाखान्यात पाठवलं. खाटा भरल्या होत्या, म्हणून खाली सतरंज्या टाकल्या होत्या. एका आजीचा नातू मलेरियाने आठ दिवस तिथे होता. तो बरा होऊन घरी निघाला त्या दिवशी आजीने माझा हात धरला आणि विचारलं, “नर्सबाई, पाऊस सरला का तुमी जाल ना जी? मंग पोराले पुन्हा ताप आला तं मी कोणाले सांगू?”

मी म्हटलं, “दुसरी कुणी येईल जी आजी.” मला स्वतःलाच ते उत्तर पटलं नव्हतं. पुढे मी ते काम सोडलं, पण आजीचा प्रश्न काही सुटला नाही. म्हणून मी जुनं वाचत गेले. साथ आली की नर्स आणायची आणि साथ गेली की पाठवून द्यायची, ही रीत कधी सुरू झाली? तिचा फायदा कुणाला झाला, तोटा कुणाला झाला? जे सापडलं ते आज सांगते.

आजारालाही हंगाम असतो

आधी आपल्याच भागाचं बघू. धानाला जसा हंगाम असतो तसा आजारालाही असतो. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला आपण पहाटेच जंगलात शिरतो, ते दिवस कडक उन्हाचे. देशात सर्वांत जास्त तापलेल्या गावांच्या यादीत ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावं मे महिन्यात नेहमी असतात. तेव्हा उष्माघाताचे पेशंट येतात, वाघा-अस्वलाने जखमी केलेलेही येतात. मृग लागला की सापाचे दिवस. बांधावर, पऱ्ह्यांत साप निघतो. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. श्रावण-भादव्यात मलेरिया वाढतो. महाराष्ट्रात मलेरियाचे सर्वांत जास्त पेशंट असलेल्या जिल्ह्यांत गडचिरोलीचं नाव वर्षानुवर्षं वरच असतं. थंडी पडली की सिकलसेलच्या मुलांचे हातपाय ठणकू लागतात, आणि तान्ह्या बाळांना न्यूमोनिया होतो.

या सगळ्यांची वाट ब्रह्मपुरीवरून जाते. इथे सरकारी रुग्णालय आहे, ख्रिस्तानंद हॉस्पिटल आहे, खाजगी दवाखाने आहेत. पूल ओलांडला की वडसा आणि आरमोरी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होता. जिल्हे दोन झाले तरी आजारी माणूस पूर्वीसारखाच नदी ओलांडून येतो. त्याच्यासोबत हंगामापुरत्या नर्सही नदीच्या या काठावरून त्या काठावर जातात. कुणी नागपूरकडची असते, कुणी भंडाऱ्याची, कुणी याच तालुक्यातली.

पहिली मोठी साथ

साथीपुरती नर्स आणण्याची आपल्या राज्यातली पहिली मोठी वेळ प्लेगची. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत प्लेग निघाला आणि पुढच्या काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. हा आजारही हंगामाचाच होता. मुंबईत तो थंडीत वाढायचा आणि उन्हाळा संपेपर्यंत उतरायचा. पुढची थंडी आली की पुन्हा डोकं वर काढायचा.

प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते. ती तपासायला पुरुष आले तर बायका कशा दाखवतील? सोजिरांनी घरात शिरून तपासणी केली म्हणून पुण्यात केवढा संताप उसळला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. बाईला तपासायला बाईच हवी, हे तेव्हा सरकारला कळलं. पण शिकलेल्या नर्स इथे होत्या किती? म्हणून १८९७ साली इंग्लंडहून खास प्लेगच्या कामासाठी नर्स आणल्या गेल्या. बोटीने आल्या, प्लेगच्या दवाखान्यांत राबल्या. त्यांना आपली भाषा येत नव्हती आणि पेशंटला त्यांची येत नव्हती.

त्याच साथीत पुण्याजवळ आणखी एक बाई काम करत होत्या. त्यांच्याकडे नर्सची पदवी नव्हती आणि त्यांना कुणी ऑर्डर दिली नव्हती. त्या होत्या सावित्रीबाई फुले. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. सावित्रीबाई आजारी माणसांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा त्यांचं वय छासष्ट वर्षांचं होतं.

मैत्रिणींनो, दूरवरून आलेली शिकलेली नर्स आणि गावातली ओळखीची बाई, अशा दोघी एकाच साथीत राबत होत्या. पहिलीकडे विद्या होती, दुसरीकडे लोकांचा विश्वास. या दोन गोष्टी एकाच बाईच्या हातात येतील अशी सोय मात्र कुणी केली नव्हती. ती व्हायला पुढे फार वर्षं लागली.

तेवढ्यात १९१८ उजाडलं. इन्फ्लुएन्झाची साथ आली. तेव्हा आपला भाग मध्य प्रांतात होता. ब्रह्मपुरी ही चांदा जिल्ह्यातली तहसील होती. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी आणि दिवाळीच्या सुमारास या साथीने देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वांत जास्त मार बसलेल्या भागांपैकी एक होता. त्या तापावर औषध नव्हतं. पाणी पाजणारं, अंग पुसणारं, तोंडात पेज घालणारं कुणी असलं तर माणूस वाचण्याची आशा होती. हे सगळं काम नर्सचंच. पण खेड्यांत नर्स नव्हतीच, आणि घरातली बाई स्वतःच अंथरुणाला खिळलेली होती.

नर्स तयार कशा झाल्या

नर्स कमी का होत्या? मुलींना हे शिक्षण घेऊ देत नव्हते म्हणून. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, मलमूत्र काढायचं, हे ‘चांगल्या घरच्या’ बायांचं काम नव्हे असं लोक म्हणत. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन काढलं आणि मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. त्यांत विधवा मुली बऱ्याच होत्या. ज्यांना घरात कोपऱ्यात बसवलं होतं, त्या पगार घेणाऱ्या बाया झाल्या. मिशन दवाखान्यांनीही हजारो मुलींना शिकवलं. केरळच्या मुली याच वाटेने देशभर पोचल्या, पुढे परदेशीही गेल्या.

तरीही १९४६ साली भोर समितीने हिशोब मांडला तेव्हा सगळ्या देशात नर्स होत्या सुमारे ७,०००. म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक. त्यातल्या बहुतेक शहरांत होत्या. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात एएनएमचं शिक्षण सुरू झालं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं उघडू लागली. पुढे उपकेंद्रांचं प्रमाण ठरलं. मैदानी भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि डोंगराळ-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक, आणि प्रत्येक ठिकाणी एक एएनएम. कागदावर ते चांगलंच होतं. पण जिथे रस्ता नाही, क्वार्टर नाही, रात्री दिवा नाही, तिथे एकटी बाई कशी राहील याचा विचार कागदावर नव्हता. म्हणून जंगलातल्या जागा रिकाम्या राहिल्या.

नदीपलीकडचा प्रयोग

आपल्या जिल्ह्यात काही माणसांनी मात्र वेगळी वाट धरली. वरोऱ्याला बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ साली आनंदवन उभं केलं. तिथे कुष्ठरोग्यांची सेवा बाहेरून आणलेल्या नोकरांवर सोपवली नाही. बरे झालेले रोगीच पुढच्या रोग्याची मलमपट्टी करायला शिकले.

डिसेंबर १९७३ मध्ये भामरागड तालुक्यात हेमलकसा इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. पावसाळ्यात पर्लकोटा आणि पामुलगौतम नद्या भरल्या की तो भाग बाहेरच्या जगापासून तुटायचा. तेव्हा बाहेरून हंगामी नर्स पाठवायची म्हटलं तरी ती पोचणार कशी? जी माणसं पाऊस सुरू होण्याआधी तिथे होती, तीच उपयोगाची. हा धडा साधा आहे, पण तो सरकारी कागदांत उतरायला वीस वर्षं लागली.

१९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी सगळं राज्य हादरलं. त्यानंतर १९९५ साली नवसंजीवन योजना आली. पावसाळ्यापूर्वी धान्य आणि औषधं दुर्गम गावांत पोचवायची, डॉक्टरांची भरारी पथकं फिरवायची, गरोदर बायांवर लक्ष ठेवायचं, असं त्यात ठरलं. म्हणजे पावसाळा हा अचानक येणारा पाहुणा नाही, हे सरकारने पहिल्यांदा लिहून मान्य केलं. पुढे ‘माहेरघर’ आलं. नाल्यापलीकडच्या गरोदर बाईने दिवस भरण्याआधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, सोबत एखादं घरचं माणूस आणि लहान लेकरू आणायचं. तुमच्यापैकी काहींची बाळंतपणं तिथेच झाली असतील.

जो आजार हंगाम पाळत नाही

पण हंगामी नर्स सगळ्याच दुखण्यांना पुरी पडत नाही. १९८६ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीत काम करू लागले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली तिचा निकाल जगापुढे आला. शंभरातल्या ९२ बायांना गर्भाशयाचा, अंगावरून जाण्याचा, पाळीचा असा कोणता ना कोणता आजार होता. आणि त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या शंभरात फक्त ८.

विचार करा. ताप सगळ्यांना दिसतो, त्याची साथ म्हणून नोंद होते, त्यासाठी गाडी येते. अंगावरून पांढरं जातं ते बाई नवऱ्यालाही सांगत नाही. या दुखण्याला पावसाळा-उन्हाळा नाही. ते सांगायला ओळखीची बाई लागते. आज आलेल्या आणि चार महिन्यांत जाणाऱ्या नर्सला ते कोण सांगणार? मला स्वतःला वॉर्डात याचा अनुभव आला. माझी बदली जवळ आली तेव्हा कुठे बाया जवळ येऊन हळू आवाजात बोलू लागल्या. विश्वास बसायला चार महिने लागले होते, आणि तेवढीच माझी ऑर्डर उरली होती.

सर्चने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. गावातली तान्ही बाळं कशाने दगावतात हे त्यांनी आधी नीट बघितलं. मग १९९५ पासून ३९ गावांत एकेक बाई निवडली. ती गावातलीच, थोडंफार शिकलेली. तिला ‘आरोग्यदूत’ म्हटलं. बाळ जन्मतःच रडलं नाही तर श्वास कसा द्यायचा, वजन कसं करायचं, बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास मोजून न्यूमोनिया कसा ओळखायचा, जंतुदोष झाला तर औषध आणि इंजेक्शन कसं द्यायचं, हे तिला शिकवलं. मोठमोठ्या डॉक्टरांना तेव्हा हे पटत नव्हतं. कमी शिकलेली खेड्यातली बाई इंजेक्शन देणार? पण तिसऱ्या वर्षी हिशोब केला तेव्हा या गावांत नवजात बाळांचे मृत्यू, जिथे हे काम नव्हतं त्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली हे छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं.

आज आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते ना? २०११ साली देशभर लागू झालेल्या त्या घरभेटींचं मूळ इथे आहे, वैनगंगेपलीकडच्या आपल्याच बायांच्या कामात. सावित्रीबाईंच्या काळी वेगळी राहिलेली विद्या आणि विश्वास, ही दोन्ही इथे एका बाईच्या हातात आली.

अकरा महिन्यांची ऑर्डर

आता तुम्ही म्हणाल, मग बाहेरून नर्स आणायची गरजच काय? गरज आहे. मेंदूला चढलेल्या मलेरियाचा पेशंट, साप चावलेला माणूस, अडलेली बाळंतीण यांना दवाखानाच लागतो, आणि तिथे शिकलेली नर्स रात्रंदिवस लागते. आशाताई तिची जागा घेऊ शकत नाही, आणि तिच्यावर ते ओझं टाकणंही बरं नाही. प्रश्न असा आहे की ही शिकलेली नर्स आपण कोणत्या अटींवर आणतो.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. आशा आल्या, आणि कंत्राटी नर्सही मोठ्या संख्येने आल्या. ऑर्डर अकरा महिन्यांची. मग एक-दोन दिवस कामावरून कमी करायचं आणि पुन्हा नवी ऑर्डर द्यायची. त्याला ‘तांत्रिक खंड’ म्हणतात. तो एक दिवस पडला की सलग नोकरी मोजली जात नाही. माझ्या वेळी त्या खंडाच्या दिवशीही मी वॉर्डात गेले होते, कारण पेशंट तेच होते. हजेरीपटावर मात्र मी नव्हते.

याच खात्यात पावसाळ्यात डास मारायच्या फवारणीसाठी हंगामी कर्मचारी घेतात. ते बहुतेक पुरुष. ९० दिवसांचं हंगामी काम केलेल्यांसाठी आरोग्य सेवक पुरुष या पदाच्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा नियम आहे. चांगला नियम आहे, मला त्याचा राग नाही. त्या भावांनीही उन्हा-पावसात काम केलेलं असतं. मी एवढंच म्हणते, हंगामी कामाची मोजदाद करता येते हे यावरून सिद्ध होतं. मग वॉर्डात हंगाम काढलेल्या नर्सची मोजदाद इतकी अवघड का व्हावी?

कोविडमध्ये हे सगळं उघड्यावर आलं. २०२० साली तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर नर्स घेतल्या. जूनमध्ये केरळहून डॉक्टर आणि नर्सेसचं पथक मुंबईला सेव्हन हिल्स रुग्णालयात आलं. आपल्याकडे तर ऑगस्टच्या अखेरीस कोविडवर महापूर आला. गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं, वैनगंगा फुगली, आणि नदीच्या वेढ्यात वसलेल्या लाडजसारख्या गावांतून माणसांना बोटीने काढावं लागलं. साथ आणि पूर एकाच आठवड्यात. पुढे कोविडची लाट ओसरली, केंद्रं बंद झाली, आणि त्या ऑर्डरवरच्या नर्स घरी गेल्या. टाळ्या वाजवल्या होत्या, त्याही थांबल्या.

कंत्राटी कर्मचारी गप्प बसले नाहीत. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास राज्यभर त्यांनी संप केला. मार्च २०२४ मध्ये सरकारने दहा वर्षं सेवा झालेल्यांना नियमित पदांवर सामावून घ्यायचा निर्णय काढला. तो अंमलात यायला वेळ लागला म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप झाला. दहा वर्षं म्हणजे दहा-अकरा ऑर्डरी आणि जवळजवळ तेवढेच खंड. एवढी वर्षं टिकून राहणं लग्न झालेल्या, लेकरं असलेल्या बाईला किती कठीण आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरीकडे काय होतं

अमेरिकेत अशा फिरत्या नर्सेसचा मोठा व्यवसाय आहे. त्यांना ‘ट्रॅव्हल नर्स’ म्हणतात. तिकडे थंडी पडली की म्हातारी माणसं फ्लोरिडासारख्या उबदार भागात राहायला येतात, तिथले दवाखाने भरतात, आणि नर्स बाहेरून मागवतात. करार बहुतेक वेळा तेरा आठवड्यांचा. जाण्याआधीच सगळं लिहून ठरतं. पगार किती, आठवड्याला तास किती, राहण्याचा खर्च कोण देणार. हंगामी नर्सला कित्येकदा कायम नर्सपेक्षा जास्त पैसे मिळतात, कारण ती घर सोडून आलेली असते. तिकडेही सगळं गोड नाही. नर्स सतत बदलत राहिली तर पेशंटची नीट ओळख राहत नाही, आणि कायम नर्सेस नाराज होतात. पण घर सोडून येण्याची किंमत असते आणि ती द्यावी लागते, एवढं तरी तिथे मान्य आहे. आपल्याकडे घर सोडून आलेल्या बाईला कायम नर्सपेक्षा कमी पगार मिळतो, आणि राहायला खोली तिने स्वतः शोधायची असते.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर

मैत्रिणींनो, सव्वाशे वर्षांचा हा हिशोब बघून मला एक गोष्ट पटली. साथीच्या वेळी नर्स आणणं चूक नाही. चूक ही की प्रत्येक वेळी आपण असं वागतो जणू साथ पहिल्यांदाच आली आहे. दिवाळीनंतरच्या मंडईचं नाटक आपण किती आधी ठरवतो? वडशाच्या कंपनीला भेटायचं, तारीख पक्की करायची, विसार द्यायचा, कलाकार कुठे जेवतील, कुठे झोपतील हेही ठरवायचं. एका रात्रीच्या नाटकासाठी गाव एवढी तयारी करतं. मलेरियाची तारीख तर नाटकापेक्षा पक्की असते. मग तिची तयारी मे महिन्यात का होऊ नये?

म्हणून बचत गटांना माझं सांगणं आहे. गटाच्या रजिस्टरात एक पान आजारासाठी ठेवा. कोणत्या महिन्यात गावात कोणाला काय झालं, दवाखान्यात नेलं का, नर्स भेटली का, एवढं लिहा. दोन पावसाळे लिहिलं की तुमच्या हातात पुरावा येईल. उन्हाळ्यात ग्रामसभा होईल तेव्हा उभं राहून विचारा, यंदा पावसाळ्यात आपल्या उपकेंद्रात कोण असणार? तिची ऑर्डर कोणत्या महिन्यापर्यंत आहे? ती राहणार कुठे, रात्री तिच्या सोबतीला कोण? तिच्यानंतर कोण येणार? उत्तर ठरावात लिहून घ्या. ठरावाची नक्कल मागा.

आणि नर्सबाईची ऑर्डर संपत आली की एक काम करा. ती, तुमची आशाताई आणि गटातल्या दोघी-तिघी एकदा एकत्र बसा. कोणत्या घरी सिकलसेलचं लेकरू आहे, कोण गरोदर आहे, कोणाची गोळी अर्धी राहिली आहे, हे तिने आशाताईला तुमच्या समोर सांगावं. ज्या बाईचं दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं नाही, ते तिने त्या बाईला विचारून आशाताईच्या कानातच सांगावं. मी निघाले तेव्हा असं कुणी बसवलं नव्हतं. वॉर्डातल्या माझ्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. ती वही पुढे कुणी उघडली की नाही, मला माहीत नाही.

ती आजी आज असेल की नाही कोण जाणे. असती तर मी तिला सांगितलं असतं, “आजी, मी जाईन जी. पण जाण्याआधी तुमच्या आशाताईले तुमच्या नातवाचं सगळं सांगून जाईन. आणि पुढच्या पावसात मी येईन का दुसरी येईल, ते तुमच्या ग्रामसभेच्या कागदावर लिहून असेल.”

एवढं म्हणता यावं यासाठी तुमची मदत हवी. येत्या पावसात तुमच्या गावात नवी नर्सबाई उतरली तर तिला आधी तिचं नाव विचारा. मग ती राहणार कुठे ते विचारा.